गाठ काढल्यावर आवाज परत येईल ना?

स्वरतंतूंवरच्या साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या गाठीची शस्त्रक्रिया ठरली की समुपदेशनासाठी येणारी व्यक्ती आधी भूल, टाके, रजा याबद्दल विचारते आणि उठता उठता, दाराशी पोहोचल्यावर, मनातला खरा प्रश्न विचारते: "आवाज परत येईल ना?" ज्या बाईंची हकिगत मी येथे सांगणार आहे, त्यांनी तो बसल्या बसल्याच विचारला. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ती लिहीत आहे.

बाई प्राथमिक वर्गांना शिकवत होत्या. आठ महिने आवाज घोगरा होता, सकाळी थोडा मोकळा आणि संध्याकाळपर्यंत पार बसलेला. सर्दी, थंड पाणी, हवा अशी कारणे देत त्यांनी ते दिवस काढले. खरे तर घोगरेपणा तीन-चार आठवड्यांहून जास्त टिकला की कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यायलाच हवे, कारण तो कशामुळे आहे हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. तपासणीत त्यांच्या उजव्या स्वरतंतूवर, जिथे कंपनाचा मार सर्वांत जास्त बसतो त्या भागात, एक पॉलिप, म्हणजे पृष्ठभागावर वाढलेली मऊ, साधी गाठ, दिसला आणि समोरच्या तंतूवर त्याच्या सततच्या घर्षणाने आलेला जाडपणा दिसला. दोन्ही तंतूंवर समोरासमोर येणाऱ्या लहान गाठी पुष्कळदा आवाजाच्या व्यायामाने आणि सवयी बदलल्याने विरतात, म्हणून त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत. मोठा पॉलिप मात्र सहसा काढावा लागतो. बाईंनी दीड महिना वाचा-उपचार घेतले, त्याने थोडा आराम पडला, पण पॉलिप तसाच राहिला.

आवाज जाण्याची त्यांना एवढी भीती का वाटते, हे मी विचारले तेव्हा कळले की त्यांच्या जाऊबाईंचा आवाज "गळ्याच्या ऑपरेशननंतर" क्षीण झाला होता. कोणते ऑपरेशन, असे विचारल्यावर ते थायरॉइडचे निघाले. हा गोंधळ मला वारंवार भेटतो आणि तो सुटल्याशिवाय पुढचे एकही वाक्य समोरच्याच्या मनात उतरत नाही. थायरॉइड ग्रंथीच्या मागून स्वरतंतू हलवणारी नस जाते. त्या शस्त्रक्रियेत तिला धक्का लागला तर तंतूची हालचाल मंदावते आणि आवाज हवेसारखा पोकळ होतो. पॉलिपच्या शस्त्रक्रियेत मानेवर चीरच नसते. पूर्ण भूल दिल्यावर तोंडातून एक धातूची नळी स्वरयंत्रापर्यंत सरकवतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत अगदी बारीक हत्यारांनी तंतूच्या पृष्ठभागावरची वाढ तेवढी काढतात. काम त्या नसेच्या जवळपासही होत नाही. बाईंनी माझ्या टेबलावरची कागदाची चिठ्ठी ओढली, गळ्याचे ओबडधोबड चित्र काढले आणि "म्हणजे इथे नाही, इथे" असे म्हणत दोन वेगळ्या जागी फुल्या मारल्या.

तरीही "काहीच धोका नाही" असे मी कोणालाही सांगत नाही, कारण ते खरे नाही आणि घाबरलेल्या माणसाला खोटा दिलासा लगेच ओळखू येतो. स्वरतंतू हा थरांचा बनलेला असतो. वरच्या पातळ आवरणाखाली मऊ, जेलीसारखा थर असतो आणि त्याखाली घट्ट तंतुमय भाग व स्नायू असतात. स्त्रियांच्या साध्या बोलण्यात हे आवरण सेकंदाला सुमारे 200 वेळा लहरते, आणि ते लहरू शकते ते खालच्या मऊ थरामुळेच. म्हणून शल्यविशारदांचा सारा प्रयत्न गाठ काढताना खोल न जाण्याचा आणि आवरण शक्य तितके राखण्याचा असतो. जखम खोल गेली किंवा नीट भरली नाही, तर तिथे व्रण पडून तंतू ताठर होतो. हा धोका लहान असला तरी खरा आहे. जीभ काही काळ बधिर वाटणे किंवा चव बदलणे, घसा दुखणे, क्वचित दाताला इजा होणे हेही आधी माहीत असलेले बरे. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. गाठ दिसायला साधी असली तरी ती प्रयोगशाळेत जाणारच आहे हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर "तपासायला पाठवली" एवढे शब्द कानावर पडताच घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते.

शस्त्रक्रिया अर्ध्या-पाऊण तासात आटोपली आणि बाई संध्याकाळी घरी गेल्या. माझ्या मते खरी परीक्षा तिथून पुढे असते. त्यांना पाच दिवस पूर्ण मौन सांगितले होते. हा काळ गाठीच्या प्रकारानुसार आणि शल्यविशारदांच्या पद्धतीनुसार कमी-अधिक असतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या मौनाशी आपली तुलना करू नये. मौन म्हणजे कुजबुजही नाही, कारण पुष्कळ माणसे कुजबुजताना स्वरयंत्र उलट आवळून धरतात. घसा खाकरायचा नाही, त्याऐवजी पाण्याचा घोट गिळायचा. जड वस्तू उचलायची नाही, कारण जोर लावताना आपण नकळत दोन्ही तंतू एकमेकांवर दाबतो.

तिसऱ्या दिवशी बाई पाटी घेऊन आल्या. त्यांनी लिहिले, "रात्री झोपेत बोलले तर?" डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली होती, त्या भीतीने दोन रात्री त्यांचा डोळा लागला नव्हता. झोपेतला एखादा शब्द, अचानक आलेली शिंक किंवा खोकला यांनी केलेले काम वाया जात नाही आणि जाणूनबुजून केलेला वापर तेवढा टाळायचा आहे, हे मी सावकाश समजावले. त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिले, "आईंना ऐकू येत नाही. मी सतत ओरडून बोलते." सासूबाईंना कमी ऐकू येते हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही शाळेतल्या आवाजाचा हिशेब मांडत बसलो होतो आणि निम्मा भार घरातून येत होता. ही चौकशी मी पहिल्याच भेटीत करायला हवी होती; आता प्रत्येकाला विचारते की घरी तुम्ही कोणाशी आणि किती अंतरावरून बोलता.

सहाव्या दिवशी वाचा-उपचारतज्ज्ञांसमोर त्यांनी ओठ मिटून पहिला "म्" काढला. तो मध्येच तुटला, चिरकला, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. पाटीकडे हात गेला, पण त्या लिहू शकल्या नाहीत. हा क्षण येणार हे आधी सांगून ठेवले असले तरी तो आला की माणूस कोसळतोच. तंतूवर सूज असते, आवरण अजून भरत असते, शिवाय पाच दिवस न वापरलेले स्नायू अवघडलेले असतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यांतला आवाज शस्त्रक्रियेआधीच्यापेक्षाही वाईट वाटू शकतो. त्या आवाजावरून निकाल काढू नका, असे मी त्यांना त्या दिवशी तीनदा सांगितले.

पुढचे आठवडे चढउताराचे होते. सुरुवातीला तासाला काही मिनिटे, तेही शांत खोलीत आणि नेहमीच्या सुरात बोलायचे. मग हळूहळू वेळ वाढवायची. जोडीला बारीक नळीतून फुंकर घालत आवाज काढण्याचे व्यायाम होते. एके दिवशी आवाज छान लागे आणि दुसऱ्या दिवशी कारण नसताना बसे. तपासणीचा अहवाल साधा पॉलिप असाच आला. श्वास घेताना त्रास झाला किंवा थुंकीतून रक्त वाढले तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे, हे मी घरच्यांना लिहून दिले होते. तशी वेळ आली नाही. दरम्यान बाईंच्या यजमानांनी आईंची श्रवणतपासणी करून घेतली आणि त्यांना श्रवणयंत्र लागले. शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व मी याही गोष्टीला देते, कारण आवाज ताणण्याचे कारण जागेवर राहिले तर गाठ पुन्हा येऊ शकते.

तीन महिन्यांनी पुन्हा स्वरयंत्र पाहिले तेव्हा उजवा तंतू सरळ होता, त्याची लहर डाव्यापेक्षा किंचित मंद होती, आणि समोरचा जाडपणा बराच ओसरला होता. बाई वर्गात लहान मायक्रोफोन वापरू लागल्या आहेत. सलग चार तास झाले की आवाज अजून थकतो, आणि मुलांना शिकवायची एक कविता पूर्वीच्या उंच पट्टीत अद्याप जमत नाही. ती त्या सध्या दोन सूर खाली म्हणतात.