मराठीत दोन पुरुषांची अतिमानवी प्रेमकथा लिहिताना आधी जग उभे करावे की आधी प्रेम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही ऐरोलीत राहता, दोन पुरुषांची प्रेमकथा लिहीत आहात, त्यांपैकी एक जण तुमच्या सोसायटीमागच्या पिंपळावरचा मुंजा आहे, आणि पहिली सात प्रकरणे त्या मुंजाच्या दुनियेचे नियम समजावण्यातच खर्ची पडल्यामुळे प्रेमाला अजून जागाच मिळालेली नाही. इंग्रजीतल्या रक्तपिपासूंच्या आणि लांडगेमानवांच्या कथा तुम्ही भरपूर वाचल्या आहेत आणि तसे काही आपल्या मातीत लिहावे असे तुम्हाला वाटते. मी स्वतः समलिंगी आहे, कळव्याला राहतो, आणि बरीच वर्षे याच प्रकारच्या कथा लिहितो. त्यांतल्या बहुतेक फसल्या आहेत, तेव्हा हे उत्तर फसलेल्या माणसाचे आहे असे समजूनच वाचावे.

माझ्या मते ही दोन वेगळी कामे नाहीतच. भुताच्या जगाचा जो नियम तुम्ही ठरवाल तोच त्या दोघांमधली अडचण व्हायला हवा. जो नियम प्रेमाच्या आड येत नाही आणि प्रेमाला वाटही करून देत नाही, तो कितीही सुंदर सुचलेला असला तरी वहीतच राहू द्यावा. तुमच्या सात प्रकरणांना ही एक कसोटी लावून पाहा. माझा अंदाज आहे की दीड प्रकरण उरेल, आणि ते चांगले असेल.

आधी मुंजाविषयी, कारण तेथे मला हरकत घ्यायची आहे. तुम्हाला मुंजा का सुचला हे मी पुरते समजू शकतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो गेला तो मुंजा, म्हणजे ज्याचे लग्न राहिले म्हणून जो अपुरा राहिला तो. आणि तिशी ओलांडलेल्या आपल्यासारख्या कोणाही माणसाला नात्यातल्या प्रत्येक लग्नात, अक्षता हातात घेऊन उभे असताना, आपण नेमके असेच कोणीतरी आहोत हे जाणवून दिले जाते. पण मुंजा हा बटू असतो. तो दोनशे वर्षांचा आहे असे तुम्ही प्रश्नात आवर्जून लिहिले आहे, आणि ही पळवाट या साहित्यप्रकारात सगळीकडे दिसते. तरी वय शेकडो वर्षांचे आणि अंगाने व मनाने मुलगा, अशा पात्राला प्रियकर करणे मला मुळीच मान्य नाही. नियमाने वय लपत नाही. मुंजाला ठेवायचेच असेल तर पिंपळावरून सगळे पाहणारा, चहाडखोर, पण वेळेला निरोप पोहोचवणारा शेजारी म्हणून ठेवा. कथेला तशा पात्राचा उपयोग होतो.

जाता जाता एक गोष्ट. लांडगेमानवांच्या कथांमध्ये टोळीतली उतरंड मुद्दाम रचावी लागते. आपल्याकडे ती मेल्यावरही आयती मिळते. मुंजा आणि ब्रह्मसमंध ब्राह्मणांचे, खवीस मुसलमानाचा, हडळ बाईची: आपली भुतेसुद्धा जात, धर्म आणि लिंग बरोबर घेऊनच झाडावर चढतात. हे सोयीस्करपणे विसरून लिहिलेले मराठी भूतविश्व मला तरी पोकळ वाटते.

माझ्या एका कथेत मी प्रियकर म्हणून गिऱ्हा घेतला होता. तुम्ही खाडीच्या काठावर राहता, त्यामुळे तो तुम्हालाही जवळचा वाटेल. माझी आजी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. ती सांगायची की पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो, ओळखीच्या आवाजात हाक मारून माणसाला खोल पाण्यात नेतो. पण त्याच्या डोक्याचा केस जर कोणाच्या हाती लागला, तर तो त्या माणसाचा गुलाम होतो, सांगेल ते काम करतो, आणि ज्या दिवशी तो केस त्याला परत सापडतो त्या दिवशी आधी मालकाचा जीव घेतो. लहानपणी मला यात फक्त फुकटात मिळणारी मासळी दिसली. पंचविशीत पुन्हा ऐकले तेव्हा कळले की ही सगळी गोष्ट संमतीची आहे. ज्याचा केस माझ्या पाकिटात आहे तो मला 'हो' म्हणाला, तर त्या 'हो'ला काय अर्थ आहे? तो रोज येतो तो माझ्यासाठी की केसासाठी? आणि हे जाणून घ्यायचा मार्ग एकच आहे, केस परत करण्याचा. त्यात जीव जाऊ शकतो. पाहा, यात जगाचा नियम सांगायला मला एक वाक्य लागले आणि त्या वाक्यातच पूर्ण प्रेमकथा आली. सात प्रकरणे लागतात ती नियम आणि प्रेम एकमेकांना न भेटल्यामुळे.

दुसरा नियम मला खाडीने दिला. पहिल्या खर्ड्यात मी रीतीप्रमाणे अमावस्येची मध्यरात्र घातली होती, आणि ते दोघे तिवरांच्या मुळांशी चिखलात बसून बोलत होते. एका म्हाताऱ्या नातेवाइकाला ते वाचून दाखवले तेव्हा तो हसत सुटला. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि अमावास्येला व पौर्णिमेला बाराच्या सुमारास, तीही उधाणाची. माझे दोन्ही नायक त्या वेळी गळ्याइतक्या पाण्यात असायला हवे होते. भुताला ते चालले असते. दुसरा ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी करणारा होता आणि त्याला पोहता येत नव्हते.

मग मी अमावस्या काढून टाकली आणि गिऱ्ह्याला ओहोटीला बांधले. तो पाणी उतरल्यावरच दिसतो, चिखल उघडा असेल तोवरच थांबतो. भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी, म्हणजे जुन्या हिशेबाने दोन घटकांनी, पुढे सरकते, त्यामुळे आज रात्री नऊच्या ओहोटीला भेटलेले दोघे आठवड्याने पहाटे तीनच्या ओहोटीला भेटतात, आणि रात्री नऊला तेथे नुसते पाणी असते. एकाला शिफ्ट आहे, शेवटची लोकल आहे, दार उघडल्याचा आवाज ऐकून जाग्या होणाऱ्या आईला द्यायची कारणे आहेत; दुसऱ्याला फक्त पाणी आहे. प्रेमातली जी नेहमीची कुरबुर असते, की तू उशिरा आलास, तू काल आलाच नाहीस, ती सगळी या एका नियमातून आपोआप निघाली. शिवाय अडचणींचा तोटा नव्हता. गुडघाभर चिखलात पाय रुतलेला माणूस कोणाला मिठी मारायला जातो तेव्हा आधी त्याची चप्पल जाते, मग तोल जातो, आणि तिवरांची वर आलेली टोकदार मुळे तळव्यात शिरतात. पहिल्या स्पर्शाचा माझा प्रसंग असा झाला की गिऱ्ह्याने त्याच्या पायातला काटा काढला आणि निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, त्यांच्याभोवती उड्या मारत राहिल्या. तो प्रसंग मी ठरवून लिहिलेल्या कोणत्याही चुंबनापेक्षा बरा उतरला.

आता ज्या जगाविषयी तुम्ही एक शब्दही विचारलेला नाही त्याविषयी: जिवंत माणसांचे जग. तेही उभे करावे लागते. परदेशी कथेत दोन पुरुषांनी रस्त्यात हात धरणे हा मोठा प्रसंग असतो. ठाण्यात दोन मित्रांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून तलावपाळीला तीन चकरा मारल्या तरी कोणी वळून पाहत नाही, आणि एकाच गादीवर झोपले तर आई दुसरी उशी आणून देते. आपल्याकडे जवळीक उघड्यावर लपते. त्यामुळे कथेतला ताण हात धरण्यात ठेवलात तर तो फुसका ठरेल. तो ठेवायचा कुठे, तर इस्पितळाच्या अर्जावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यासमोर पेन थांबते तेथे, किंवा मामाने स्थळासाठी मागितलेल्या बायोडेटात.

कायद्याचाही काळ नक्की करा, कारण त्यावर पात्रांची भीती ठरते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये काढून घेतला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मात्र नाकारला गेला. हे सगळे कथेत व्याख्यानासारखे आले तर वाचक पान उलटेल. माझा गिऱ्हा १९८० च्या दशकात बुडालेला होता, त्यामुळे बंदरावर विजेरीचा झोत दिसला की तो अजूनही पोलिसांच्या भीतीने तिवरांत दडत असे, मेलेला असूनही. एके रात्री दुसऱ्याने त्याला सांगितले की आता तो गुन्हा नाही.

"मग आता लगीन होतं का?"

"नाही."

"मग बदललं काय?"

"तू विजेरीला घाबरू नकोस, एवढं बदललं."

चार ओळींत कायदा संपला, आणि मला तरी त्यात त्यांचे प्रेम अधिक दिसते.

एका बाबतीत मात्र फार जपून राहावे. मराठीत प्रेमाचे आणि भुताचे शब्द एकच आहेत: लागीर होते, झपाटले जाते, वेड लागते. लेखकाला हा मोह आवरत नाही आणि मग समलिंगी आकर्षण म्हणजेच भूतबाधा असे रूपक तयार होते. पण आपल्यातल्या कित्येकांना घरच्यांनी खरोखरच भगताकडे नेलेले आहे, लिंबू उतरवलेले आहेत, अंगारे लावलेले आहेत. तुमच्या नायकाला पुरुष आवडायला लागला तो भुताने पछाडल्यामुळे, असे जर कथेतून निघत असेल तर तुम्ही त्या भगताच्याच बाजूने लिहीत आहात. म्हणून माझा नायक पहिल्या पानावरच स्वतःला ओळखून आहे, त्याचे आधीचे एक प्रेम मोडलेले आहे, आणि गिऱ्हा भेटतो तो त्यानंतर. भगताचा प्रसंग हवाच असेल तर तो अवश्य लिहा, पण तेथे भयाचे कारण जिवंत माणूस असू द्या. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून घालणे, मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे तुमच्या एखाद्या पात्राला ठाऊक असायला हरकत नाही. नायकाच्या धाकट्या बहिणीला असावे असे मला वाटते.

नियतीने जुळवलेल्या जोडीचा जो प्रकार तुम्हाला आवडतो, तो मला फारसा रुचत नाही. लांडगेमानवाने वासावरून जोडीदार ओळखला आणि प्रश्न मिटला, यात निवड उरत नाही, आणि ज्यांना आयुष्यभर 'ही तुझी निवड आहे का' असे उलटसुलट विचारले गेले त्यांच्या कथेतून निवडच काढून टाकणे विचित्र वाटते. पण तुम्हाला ती हवीच असेल तर आपल्याकडे त्यासाठी ऋणानुबंध हा शब्द आहे, आणि तो त्या वासापेक्षा फार हुशार आहे, कारण त्यात ऋण आहे. ऋण फिटू शकते. ते फिटल्यावरही जो थांबतो तो का थांबतो, हा प्रश्न कथेला पुरून उरेल.

शेवट सुखाचा करावा की नाही, हेही तुम्ही विचारले आहे. माझी ही कथा एका दिवाळी अंकाने घेतली होती. छापून आली तेव्हा 'प्रियकर' जेथे जेथे होते तेथे 'जिवलग मित्र' झाले होते आणि शेवटी नायक बुडून मेलेला होता, जो मी मारला नव्हता. संपादकांचे म्हणणे असे पडले की भयकथेला तसा शेवट शोभतो. आपल्यासारख्यांच्या कथेत कोणीतरी मरायलाच हवे, ही सवय इतकी जुनी आहे की ती लागलेल्याला ती सवय आहे हेही जाणवत नाही. शिवाय येथे एक जण आधीच मेलेला आहे. आणखी किती मारायचे?

मूळ खर्ड्यात शेवटी नायक चतुर्थीच्या रात्री, नऊच्या ओहोटीला, पाकिटातला केस काढून गिऱ्ह्याच्या तळहातावर ठेवतो आणि डोळे मिटून घेतो. चिखलात पावले वाजतात, जवळ येतात, मग लांब जातात. तो डोळे उघडतो तेव्हा गिऱ्हा पाण्याच्या कडेला पोहोचलेला असतो, भरती त्याच्या घोट्यांना लागलेली असते, आणि तो वळून एवढेच म्हणतो, "उद्या दोन घटका उशिरा ये."