फ्रॅकिंगला ‘जलभंजन’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेतल्या न्यू यॉर्क राज्यात नैसर्गिक वायूसाठी फ्रॅकिंगला परवानगी द्यावी की नाही, यावर झालेल्या वादाबद्दल मराठीत लेख लिहीत आहे. फ्रॅकिंगला जलभंजन म्हटले तर चालेल का? आणि तिथे फ्रॅकिंगवर स्थगिती आहे की बंदी? मी दोन्ही वाचले आहे.’

फ्रॅकिंग म्हणजे जमिनीखालचा खडक द्रवाच्या दाबाने फोडून त्यात अडकलेला वायू काढणे. आधी थेट उत्तर देतो. जलभंजन नको, फ्रॅकिंगच लिहा. आणि २०१४ च्या डिसेंबरपर्यंत जी होती ती स्थगिती, त्यानंतरची बंदी. यामागची कारणे मात्र सविस्तर सांगावी लागतील, कारण या वादात लोक भांडले ते बऱ्याच अंशी शब्दांवरूनच.

जलभंजन हा शब्द चांगला आहे, संस्कृत घडणीचा असून जिभेला जड जात नाही. पण तो मोकळा नाही. महाराष्ट्रात भूजल खात्याच्या कामात तो आधीपासून रुळला आहे आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे. गावातल्या हापशाला पाणी येईनासे झाले की टंचाईच्या दिवसांत जलभंजनाची गाडी येते. आमच्या गावी मी हे काम उभे राहून पाहिले आहे. आधी हापसा उचकटून पाइप वर काढतात, मग बोअरमध्ये रबरी पॅकर सोडतात. तो खाली फुगला की बुचासारखा घट्ट बसतो. मग टँकरमधले साधे पाणी पंपाने प्रचंड दाबाने त्या बुचाखाली कोंबायचे. काळ्या पाषाणातल्या मातीने बुजलेल्या भेगा त्या दाबाने मोकळ्या होतात, शेजारच्या भेगांना जाऊन मिळतात आणि बोअरला पाणी वाढते. माझी आजी मोजून सहा हंडे घेऊन रांगेत उभी होती. हापसा परत बसवला आणि पहिल्या गढूळ धारेनंतर स्वच्छ पाणी आले, तेव्हा तिने कोणालाही न विचारता पहिला हंडा गाडीवरच्या माणसांसाठी भरला. जलभंजन म्हटले की माझ्यासारख्याला हे आठवते: पाण्याने पाणी मिळवणे.

तंत्राचे मूळ तत्त्व तेच आहे, हे खरे. दाबाने द्रव आत घालायचा आणि खडक फोडायचा. पण न्यू यॉर्कच्या वादातले फ्रॅकिंग फार वेगळ्या मापाचे आहे. तिथला खडक मार्सेलस शेल. शेल म्हणजे चिखल थरावर थर साचून घट्ट झालेला, पापुद्र्यांचा खडक. न्यू यॉर्कमधल्याच मार्सेलस गावाजवळ तो उघडा पडलेला दिसतो म्हणून त्याला गावाचे नाव मिळाले. दक्षिणेकडे शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात तो दीड-दोन किलोमीटर खोल जातो. त्याच्या पापुद्र्यांत वायू अडकलेला असतो आणि आपोआप बाहेर येत नाही. म्हणून आधी सरळ खाली आणि मग खडकाच्या थरातूनच आडवे बोअर घेतात. (‘क्षैतिज वेधन’ असा शब्द काही ठिकाणी दिसतो. आपल्या शेतकऱ्यांना विहिरीतले आडवे बोअर पिढीभर माहीत आहे, तोच शब्द वापरा.) मग पाणी, वाळू आणि रसायने यांचे मिश्रण आत दाबतात. वाळूचे कण भेगांत अडकून त्या उघड्या ठेवतात. एका विहिरीला सहसा दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे दीड-दोन हजार टँकर होतात. त्यातले काही पाणी खारट आणि दूषित होऊन परत वर येते, त्याची विल्हेवाट लावायची असते. हापशाच्या जलभंजनात वाळू नाही, रसायने नाहीत आणि हेतू पिण्याच्या पाण्याचा. दोघांना एकच नाव दिले, तर उद्या एखाद्या गावात जलभंजनाची गाडी आली की लोक ‘हे तेच अमेरिकेतले विषारी काम’ म्हणून अडवतील, किंवा उलट, फ्रॅकिंगचा एखादा प्रस्ताव टंचाई निवारणाच्या सोज्वळ नावाखाली खपून जाईल. मला या दोन्हींची भीती वाटते.

फ्रॅकिंग शब्दात मराठी कानाला परके काही नाही. ‘पायाला फ्रॅक्चर झालं’ हे आपण रोज म्हणतो. मूळ लॅटिन क्रियापद ‘फ्रांगेरे’, अर्थ मोडणे. इंग्रजीतला ‘ब्रेक’ त्याचाच दूरचा भाऊबंद.

इंग्रजीत मात्र या शब्दाच्या स्पेलिंगवरूनही दोन तट पडले. तेल-वायूच्या धंद्यातली माणसे ‘फ्रॅक जॉब’ म्हणत आणि त्यातला फ्रॅक नुसत्या ‘सी’ने संपवत. हा त्यांच्या कामावरचा शब्द होता. अमेरिकेत या पद्धतीचा व्यापारी वापर १९४९ मध्ये सुरू झाला. पुढे वर्तमानपत्रांनी आणि विरोधकांनी त्यात ‘के’ घातला. व्याकरणाने ते चूक नाही, ‘पिकनिक’ला ‘इंग’ लावतानाही ‘के’ घालावाच लागतो. पण त्या ‘के’ने शब्दाला धार आली, तो शिवीजवळ गेला आणि फलकांवर शोभू लागला. ‘नो फ्रॅकिंग वे’ ही घोषणा त्यातूनच आली. धंद्यातल्या अनेकांना तो ‘के’ खटकत राहिला. देवनागरीत हा भेद उरत नाही, म्हणून मराठीत फ्रॅकिंग लिहिल्याने आपण कोणत्याच बाजूचे ठरत नाही.

खरा तंटा आहे तो शब्दाच्या व्याप्तीचा, आणि लेख लिहिणाऱ्याने सर्वांत जास्त जपायचे ते इथे.

लग्न या शब्दाचे उदाहरण घेऊ. पंचांगाप्रमाणे लग्न म्हणजे ती घटका. ‘लग्न लागलं’ म्हणजे अक्षता पडल्या. पण ‘लग्नात कर्ज झालं’ असे बाप म्हणतो तेव्हा त्यात साखरपुड्यापासून मांडवपरतणीपर्यंत सगळे आले. अक्षतांमुळे कोणी कर्जबाजारी झाले नाही, हे विधान खरेच आहे, पण त्या बापाच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. फ्रॅकिंगचे अगदी असेच झाले. कंपन्यांच्या तोंडी फ्रॅकिंग म्हणजे दाबाने मिश्रण आत घालण्याचे ते मोजके दिवस. या दोन राज्यांच्या सीमेलगतच्या शेतकऱ्याच्या तोंडी फ्रॅकिंग म्हणजे सगळेच: शेतात आलेला सपाट केलेला तळ, रात्रंदिवस धावणारे ट्रक, विहिरीचे सिमेंट, सांडपाण्याची तळी. ‘फ्रॅकिंगमुळे भूजल दूषित झाल्याचा पुरावा नाही’ हे वाक्य पहिल्या अर्थाने म्हटले जाई आणि लोक ते दुसऱ्या अर्थाने ऐकत. पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉक गावी घरांच्या विहिरींत मिथेन शिरला आणि २००९ च्या पहिल्याच दिवशी तिथल्या एका घरची विहीर फुटली. राज्याच्या पर्यावरण खात्याने दोष ठेवला तो वायूविहिरींच्या सदोष बांधणीवर. मग हे ‘फ्रॅकिंगमुळे’ झाले की नाही? अरुंद अर्थाने नाही, रुंद अर्थाने होय. ज्याच्या नळाच्या पाण्यात वायू आला त्याला या भेदाने काय दिलासा मिळणार! माझे मत स्पष्ट सांगतो: सामान्य वाचकासाठी लिहिताना रुंद अर्थ धरावा, आणि अरुंद अर्थ हवा तेव्हा ‘खडक फोडण्याचा टप्पा’ असे सरळ लिहावे.

आता स्थगिती आणि बंदी. स्थगितीत ‘तूर्त’ दडलेले असते. इंग्रजी ‘मोरेटोरियम’च्याही मुळाशी लॅटिनमधला विलंब आहे. करोनाकाळात कर्जाच्या हप्त्यांबाबत हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला: हप्ता माफ नाही, पुढे ढकलला. न्यू यॉर्कमध्ये २००८ च्या जुलैत गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांनी पर्यावरणीय परिणामांचा नव्याने अभ्यास करायला सांगितले आणि तो होईतो मोठ्या फ्रॅकिंगचे परवाने थांबले. कायद्याने मनाई नव्हती, पण परवाना मिळत नव्हता. ही स्थगिती. २०१० च्या अखेरीस विधिमंडळाने काही महिन्यांच्या स्थगितीचे विधेयक मंजूर केले. पॅटरसन यांनी ते नाकारले आणि त्याऐवजी स्वतःचा आदेश काढला. तोही काही महिन्यांपुरताच होता, आणि त्यात जुन्या पद्धतीच्या सरळ उभ्या विहिरी मोकळ्या सोडल्या होत्या.

या सहा वर्षांत दोन्ही बाजूंना स्थगिती नकोशी होती. न्यू यॉर्कच्या दक्षिण पट्ट्यातल्या, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या सीमेलगतच्या शेतकऱ्यांनी कंपन्यांशी भाडेपट्टे केले होते. तिथे जमिनीखालचा वायू सहसा जमीनमालकाचा असतो, आपल्यासारखा सरकारचा नाही. सीमेपलीकडचा शेजारी रॉयल्टी घेतोय आणि आपण दुधाचा धंदा तोट्यात चालवतोय, ही त्यांची कळ खरी होती. विरोधकांना वाटे, स्थगिती कधीही उठेल.

मग गावे पुढे आली. ड्रायडन गावाने २०११ मध्ये आपल्या हद्दीत वायूविहिरींना मनाई केली. राज्याच्या कायद्यात होते की तेल-वायू उद्योगाच्या ‘नियमना’बाबत राज्याचा कायदा स्थानिक कायद्यांवर वरचढ. खटला सगळा या एका शब्दावर चालला. ३० जून २०१४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी गावाच्या बाजूने कौल दिला: उद्योग कसा चालवायचा हे ठरवणे म्हणजे नियमन, जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणे म्हणजे नियमन नव्हे. मराठी वाचकाला हे समजवायला ‘उभी बाटली, आडवी बाटली’ आठवून द्या. दारूचा परवाना राज्याचा, पण बायांनी मतदान करून गावातले दुकान बंद करायचे. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायलाही मनाई केली. ‘-बंदी’ हा प्रत्यय गावाने स्वतः घ्यायच्या निर्णयासाठी आपल्या तोंडी चांगला बसलेला आहे, म्हणून ड्रायडनच्या संदर्भात ‘फ्रॅकिंगबंदी’ मी निःसंकोच लिहीन.

राज्याची बंदी १७ डिसेंबर २०१४ ला जाहीर झाली. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्या बैठकीत आरोग्य आयुक्त हॉवर्ड झकर यांनी अहवाल मांडला आणि आपले कुटुंब आपण अशा ठिकाणी राहू देऊ का, या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिले. जून २०१५ मध्ये त्यावर रीतसर शिक्कामोर्तब झाले आणि २०२० मध्ये विधिमंडळाने ती कायद्यात घातली. तेव्हा तुमच्या लेखात २०१४ नंतर ‘स्थगिती’ आली तर ती चूक ठरेल.

पण ‘फ्रॅकिंगवर बंदी’ असे मोघम लिहिले तरी पुरे अचूक होत नाही. बंदी होती ती ‘मोठ्या प्रमाणातील’ फ्रॅकिंगवर, म्हणजे एका विहिरीत ३ लाख गॅलन, सुमारे ११ लाख लिटरहून जास्त पाणी वापरले तर. त्याखालच्या लहान विहिरी यात येत नव्हत्या. आणि व्याख्येत शब्द होता पाणी. २०२३ मध्ये एका कंपनीने दक्षिण पट्ट्यातल्या जमीनमालकांना पत्रे धाडली: आम्ही पाणी वापरणारच नाही, कार्बन डायऑक्साइडने खडक फोडू. शब्दशः ते बंदीत बसत नव्हते. म्हणून विधिमंडळाला पुन्हा बसावे लागले आणि डिसेंबर २०२४ मध्ये गव्हर्नर कॅथी होकल यांनी कार्बन डायऑक्साइडच्या वापरालाही मनाई करणाऱ्या विधेयकावर सही केली.

जलभंजन नको म्हणण्याचे माझे दुसरे कारण हेच. त्या शब्दाच्या पोटातच ‘जल’ आहे. या नव्या पद्धतीला तुम्ही काय म्हणणार होता? फ्रॅकिंगमध्ये नुसते मोडणे आहे, कशाने ते नाही, म्हणून तो दोन्हीकडे चालतो.

तुमच्या लेखातले वाक्य मी असे लिहीन: ‘न्यू यॉर्क राज्यात मोठ्या प्रमाणातील फ्रॅकिंगला २००८ पासून स्थगिती होती, डिसेंबर २०१४ मध्ये बंदी जाहीर झाली, २०२० पासून ती कायद्यात आहे आणि २०२४ मध्ये पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरण्यालाही मनाई झाली.’ लांब आहे, पण यातला एकही शब्द गाळता येईल असे मला वाटत नाही.