पंचवटीतून सिडकोत आलो, आता आमदार कोण?

प्रश्न : आम्ही नाशिकमध्येच पंचवटीतून सिडकोत राहायला आलो. शहर तेच, मग मतदारसंघ वेगळा कसा काय?

उत्तर : अहो, शहर एक असलं तरी विधानसभेला ते तुकड्यांत वाटलंय! पंचवटी नाशिक पूर्वमध्ये, सिडको नाशिक पश्चिममध्ये, शिवाय मध्य आणि देवळाली आहेतच. राज्यात असे 288 मतदारसंघ, त्यातले 15 आपल्या जिल्ह्यात, आणि प्रत्येकातून एकच आमदार, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला, अर्ध्याहून जास्त मिळायलाच पाहिजेत असं काही नाही. हद्दी ठरवतो परिसीमन आयोग. आत्ताच्या हद्दी 2008 च्या, 2009 च्या निवडणुकीपासून लागू झाल्या, आणि गंमत म्हणजे त्यासाठी लोकसंख्या धरली 2001 च्या जनगणनेची, म्हणजे नंतर वाढलेलं निम्मं नाशिक त्या हिशोबात नाहीच म्हणा ना. देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, म्हणजे उमेदवार त्याच जातींतला हवा, पण तिथे मत मात्र सगळेच देतात, यात लोकांचा फार गोंधळ होतो. महापालिकेचा प्रभाग ही वेगळीच भानगड, ती यात मिसळू नका. तुम्ही आधी मतदार यादीतला पत्ता बदलायचा फॉर्म 8 भरा, ऑनलाइनही होतो, नाहीतर मतदानाला पंचवटीतच जावं लागेल.