जुनी मिनीबस किंवा कंटेनर घेऊन शेतात दोघांपुरते घर करता येईल का?

आपण विचारले आहे की, वाळवा तालुक्यात कृष्णेपासून साधारण दीड किलोमीटरवर आपले काळे रान आहे, तिथे निवृत्तीनंतर दोघांनी राहण्याजोगे घर जुन्या मिनीबसमध्ये करावे की कंटेनरमध्ये, आणि यात पैसा नेमका कुठे जातो. मी तासगाव तालुक्यात फॅब्रिकेशनचे काम करतो. द्राक्षबागांचे मांडव आणि बेदाण्याच्या शेड हे माझे रोजचे काम असले, तरी गेली सहा वर्षे मी आणि पत्नी स्वतः तयार केलेल्या वीस फुटी कंटेनरमध्ये रानातच राहतो.

आधी मिनीबसचा विषय संपवतो, कारण माझे मत तिच्या विरोधात आहे. गाडी रानात कायमची उभीच करायची असेल तर इंजिन, गिअरबॉक्स आणि टायर यांचे पैसे आपण विनाकारण मोजतो, आणि हाती येते ती जेमतेम ताठ उभे राहता येईल अशी अरुंद जागा, जिच्या भिंतींचा निम्मा भाग काचांचा असतो. काचांच्या रबरातून पाणी झिरपते, पायाखालचा पत्रा बहुधा आधीच गंजलेला असतो, आणि ऊसपट्ट्यात उभ्या गाडीचे वायरिंग उंदीर फार दिवस ठेवत नाहीत. गाडी चालती ठेवून आत पलंग आणि ओटा बसवावा म्हटले तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आडवे येते. उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे, परंतु ते फिरणाऱ्यांसाठी आहे, एका जागी राहणाऱ्यांसाठी नाही. तरीही बसच घ्यायची असेल तर आरटीओकडे तिची नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी, नाहीतर उभ्या गाडीवर कर चढत राहतो.

कंटेनरचे माप मात्र आधी मनात पक्के करावे. वीस फुटी कंटेनर आतून साधारण १९ फूट ४ इंच लांब, ७ फूट ८ इंच रुंद आणि ७ फूट १० इंच उंच असतो, म्हणजे सुमारे १५० चौरस फूट. भिंतींना आतून अस्तर केले की रुंदी सात फुटांवर येते. आडवा पलंग टाकता येतो, पण मग पलीकडे जायला वाट उरत नाही, म्हणून पलंग अगदी टोकाला आणि ओटा दरवाजाजवळ, अशीच मांडणी जमते. उंचीही हवी असेल तर बाहेरून साडेनऊ फूट उंच, ज्याला हाय क्यूब म्हणतात, तोच शोधावा. पंख्याखाली डोके वाचते.

पैसा जातो तो आतल्या फर्निचरवर नव्हे, तर पत्र्याला घर बनवण्यावर. माझ्या एकूण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग छप्पर, अस्तर आणि पाया यांत गेला, आणि त्यातला काही दोनदा गेला, कारण पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. आतून थर्माकोलचे तुकडे चिकटवले, त्यावर प्लायवूड मारले आणि काम झाले असे समजलो. त्या डिसेंबरात आई रानात मुक्कामाला होती. पहाटे उठून तिने गोधडीवर हात फिरवला आणि म्हणाली, “आरं, आतच पाऊस लागलाय की.” वर पाहिले तर प्लायच्या सांध्यांतून थेंब ओघळत होते. रात्री लोखंड बाहेरच्या हवेबरोबर गार पडते आणि आपल्या श्वासाची व चुलीवरच्या भाताची वाफ, थर्माकोलच्या फटींतून मागे जाऊन, त्या गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. प्लाय काढला तेव्हा त्याची मागची बाजू काळी पडलेली होती. फवारून मारलेला पीयूएफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, पत्र्याला सलग चिकटतो आणि मागे हवा शिरू देत नाही, म्हणून दुसऱ्या वेळी तोच मारून घेतला.

उन्हाळ्याचा उपाय याहून स्वस्त आहे आणि तो छपरावर करायचा असतो. ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, पाचट (उसाचा वाळका पाला) का असते ते एप्रिलमध्ये पत्र्याखाली एक दुपार काढल्यावर कळते. मीही कंटेनरवर पाचट टाकून पाहिले. गारवा आला, पण आगीच्या धास्तीने ते उतरवले. शेवटी चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर, कंटेनरपासून फूटभर वर, दुसरे पत्र्याचे छप्पर घातले आणि दक्षिण-पश्चिमेला ते तीन फूट पुढे काढले. दोन छपरांमधून वारा वाहतो, ऊन वरच्या पत्र्यावर अडते, आणि पावसाळ्यात आवाजही पुष्कळ कमी होतो. एवढे एकच काम करण्याइतके पैसे असतील तर हेच करावे.

खिडक्यांबाबत एक सूचना. कंटेनरचे सगळे वजन चार कोपऱ्यांवर येते, तरी बाजूच्या नागमोडी पत्र्यामुळेच त्याला ताठपणा असतो. म्हणून खिडकीची चौकोनी पाइपची चौकट आधी वेल्ड करावी आणि मगच ग्राइंडर लावावा. या धंद्यात असूनही मी उलटे केले; साडेचार फूट पत्रा कापताच वरची कड लवली आणि जॅक लावून ती उचलल्याशिवाय खिडकी बसेना.

आता आपल्या जागेचे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे कंटेनर नुसता ब्लॉकवर ठेवला तर वर्षभरात एक कोपरा खचतो आणि दरवाजा अडकू लागतो. मुरूम लागेपर्यंत खणून चार कोपऱ्यांखाली काँक्रीटचे कॉलम घ्यावेत. त्यांची उंची किती ठेवायची, हे गावातल्या २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा पाहून ठरवावे. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, तिथे पाणी ५७ फुटांवर गेले होते. शिवाय एक हिशेब मांडून पाहावा: कंटेनरचे तळ-क्षेत्र सुमारे १५ चौरस मीटर आहे, म्हणजे तळ फूटभर पाण्यात बुडाला की साडेचार टन पाणी बाजूला सरते. रिकामा कंटेनर सव्वादोन टनांचा, आतल्या कामासह पावणेचार टनांपर्यंत. दरवाजा घट्ट असेल आणि पाणी आत शिरले नाही तर तो होडीसारखा उचलला जाईल. कॉलममध्ये बोल्ट पुरून कोपरे त्यांना पक्के जखडणे हे म्हणूनच ऐच्छिक नाही.

लोखंडी घरात विजेची चूक जिवावर बेतते. संपूर्ण सांगाड्याला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच. सौर पॅनेलवर राहायचे असेल तर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीतून रोज निम्मी, म्हणजे सुमारे ९०० वॅट-तास वीज वापरावी. त्यात ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आणि दोन-तीन दिवे आरामात चालतात, इंडक्शन शेगडी चालत नाही. गॅस ठेवणार असाल तर सिलिंडर बाहेर ठेवावा आणि जमिनीलगत जाळीचा झरोका ठेवावा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असून तळाशी साचतो. शौचालय वेगळ्या छोट्या खोलीत, शोषखड्ड्यासह असावे. एवढ्याशा जागेत ते आत घेण्याचा हट्ट धरू नये.

घर चाकांवर किंवा कंटेनरमध्ये आहे म्हणून बांधकामाचे नियम टळत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ मध्ये शेतजमिनीवरील शेतघराची तरतूद आहे. तलाठी आणि ग्रामपंचायत यांच्याशी आधी बोलून कागद करून घ्यावा. विहिरीजवळ मोटारीची जुनी विटांची खोली उभी असेल तर मी तिलाच घर करण्याचा सल्ला देईन. वीट पत्र्याइतकी तापत नाही आणि क्रेनचे भाडेही वाचते.

तरी कंटेनरच ठरला, तर वाटेवरच्या वीजतारांची उंची आधी मोजावी, कारण ट्रेलरवर चढवल्यावर तो चौदा फुटांच्या आसपास जातो. आणि हायड्रा क्रेन जूनपूर्वीच बोलवावी, ओल्या काळ्या रानात ती रुतते. खरेदीच्या वेळी दरवाजावरील प्लेट वाचून फळीला कोणते कीटकनाशक लावले आहे ते टिपून घ्यावे. मग भर दुपारी आत जाऊन दरवाजा बाहेरून कोणाला तरी लावायला सांगावा आणि पाच मिनिटे अंधारात उभे राहावे. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करावी, कारण जुलैमध्ये पाणी तिथूनच येणार आहे.