वाचकांचे प्रश्न : कागदावर १२ एकर, मोजणीत साडेअकरा

प्रश्न : आजोबांनी घेतलेल्या आमच्या जमिनीच्या खरेदीखतात क्षेत्र १२ एकर लिहिलेले आहे. जमीन डोंगरउतारावर आहे. नुकतीच आधुनिक यंत्राने मोजणी करून घेतली, तेव्हा क्षेत्र साडेअकरा एकर भरले. शेजाऱ्याने बांध कोरून अर्धा एकर खाल्ला, असे घरातल्या सर्वांचे म्हणणे आहे. आमचा सामाईक बांध साधारण २०० मीटर लांब आहे. दावा लावावा काय?

उत्तर : दावा लावण्याआधी एक हिशेब करून पाहावा. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,०२३ चौरस मीटर. एवढी जमीन २०० मीटरच्या बांधावरून गेली असेल, तर शेजारी या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा मीटर आत आलेला असला पाहिजे. बांध कोरणारा माणूस दर नांगरटीला एखाद्या सरीएवढाच पुढे सरकतो. दहा मीटर रुंदीचा पट्टा, त्यावरच्या झाडांसकट आणि हद्दीच्या दगडांसकट, घरातल्या कोणाच्याच लक्षात न येता जात नाही. बांधालगतचे एखादे जुने झाड किंवा विहिरीची कड आजोबांच्या काळापासून जागेवर असेल, तर तिथून बांधापर्यंतचे अंतर मोजा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते पूर्वी किती होते हे विचारा.

माझ्या मते हा अर्धा एकर कोणी नेलेला नसावा. तो कागदावरच जास्तीचा लिहिला गेला असावा. जमिनीचे क्षेत्र उतारावरून नव्हे, तर सपाट पातळीवर धरले जाते. पूर्वीच्या मोजणीत साखळी उतारावर तशीच टाकली गेली असेल, तर अंतर वाढीव नोंदले जाते : १५ अंशांच्या उतारावर १०० मीटर चालून गेल्यास सपाटीवरचे अंतर ९६.६ मीटरच भरते. संपूर्ण जमिनीचा उतार तेवढा असेल, तर उतारावरून मोजलेले १२ एकर नकाशावर सुमारे ११.६ एकर होतात. म्हणजे आपल्या फरकाचा बराचसा भाग एकट्या उताराने भरून निघू शकतो, आणि एवढे करूनही जमीन तीच, बांध तेच आणि शेजारीही तोच राहतो.

राहिलेल्या फरकाला साखळी आणि नकाशा ही कारणे पुरतात. इंग्रज गणिती एडमंड गुंटर याने १६२० च्या सुमारास प्रचारात आणलेली साखळी ६६ फूट लांब आणि १०० भागांची असे, आणि अशा १० चौरस साखळ्यांचा एक एकर होई. तिची असंख्य कडी वापराने घासत, आणि वेळोवेळी तपासणी झाली नाही तर साखळी चार-चार इंच लांबे. लांबलेल्या साखळीने क्षेत्र कमी नोंदले जाते, तर सैल धरलेल्या साखळीने ते जास्त. लांबीत अर्धा टक्का चूक झाली की क्षेत्रात एक टक्क्याची होते. क्षेत्र नकाशावरून काढलेले असेल तर तिथली रेघही विचारात घ्यावी लागते. १ : ५,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंदीची असते, आणि आपल्या २०० मीटरच्या बांधावर तेवढ्याने ५०० चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक अष्टमांश एकराचा फरक पडतो.

हद्द आणि क्षेत्र यांचे नाते लोक नेमके उलटे धरतात, आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्यांची वैरे उभी राहतात, म्हणून हे ठासून सांगतो : आधी हद्द ठरते, आणि हद्दीच्या आत जे भरते ते क्षेत्र. अनेक देशांत न्यायालये वादाच्या वेळी प्रथम जमिनीवरच्या कायम खुणा पाहतात, मग चतुःसीमेत, म्हणजे खरेदीखतातल्या चारही बाजूंच्या वर्णनात, सांगितलेले लगतचे जमीनमालक, त्यानंतर दिशा आणि अंतरे, आणि आकड्यात लिहिलेल्या क्षेत्राकडे सर्वांत शेवटी वळतात. खरेदीखतात ‘अंदाजे’ किंवा ‘कमीजास्त’ असे शब्द घातलेले असतात ते याचसाठी. जमीन एकरी दराने विकली असेल तर घेणाऱ्या-देणाऱ्यांमध्ये पैशाचा प्रश्न उभा राहू शकतो. परंतु तो त्यांच्यातला हिशेब असतो, आणि त्यामुळे शेजाऱ्याची हद्द हलत नाही.

आपले खरेदीखत, त्याआधीची खरेदीखते आणि शेजाऱ्याची कागदपत्रे एकत्र ठेवून, शेजाऱ्याला बोलावून, त्याच्यासमोर पुन्हा मोजणी करावी. मोजणीदाराला ‘क्षेत्र किती’ असे न विचारता ‘कोपऱ्यांच्या मूळ खुणा कुठे आहेत’ असे विचारावे. तोपर्यंत एकही दगड हलवू नये. अतिक्रमण खरोखर निघाले, तर मात्र लेखी हरकत घेण्यास उशीर करू नये, कारण बऱ्याच देशांच्या कायद्यांत उघड आणि दीर्घकाळ चाललेल्या वहिवाटीतून हक्क निर्माण होऊ शकतो.

प्रश्न : मोबाईलवरच्या ॲपने शेताच्या कडेने चालत मोजणी केली, तर दर वेळी वेगळे क्षेत्र येते. कोणते खरे धरावे?

उत्तर : पेरणीच्या किंवा खताच्या अंदाजासाठी त्यांतले कोणतेही चालेल, हद्दीसाठी एकही नाही. मोकळ्या आकाशाखाली मोबाईलमधील जीपीएसची चूक साधारण पाच मीटरपर्यंत असते, आणि झाडांखाली ती वाढते. एक एकराचे चौकोनी शेत जेमतेम ६४ मीटर बाजूचे असते, हे लक्षात घेतल्यास पाच मीटरचे वजन कळेल. दुसरी गोष्ट अशी की सगळे कोपरे एकाच दिशेला सारखेच सरकले, तर क्षेत्र बरोबर येते आणि हद्द मात्र पूर्ण चुकते. मोजणीदाराचे उपग्रहाधारित यंत्र स्थिर केंद्राच्या आधाराने काही सेंटिमीटरपर्यंत अचूक असते. तेही आपण कुठे उभे आहोत एवढेच सांगते, हद्द तिथेच आहे की नाही ते कागदावरून आणि खुणांवरून ठरवावे लागते.

प्रश्न : आमची एक हद्द नदी आहे. पुरानंतर पात्र सरकले. हद्दही सरकली काय?

उत्तर : पात्र कसे सरकले यावर ते अवलंबून आहे. रोमन कायद्यापासून चालत आलेला आणि अनेक देशांनी स्वीकारलेला भेद असा, की गाळ साचत किंवा काठ झिजत नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्याबरोबर सरकते. एका पुरात नदीने पात्रच बदलले, तर हद्द जुन्या पात्रावर राहते. आपण पुराचा उल्लेख केला आहे, म्हणून जुन्या पात्राच्या खुणा नांगरटीत बुजण्याआधी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि मोजणीदाराकडून त्यांची नोंद करून घ्यावी. खरेदीखतात नदीचा काठ म्हटले आहे की मध्यधारा, हेही पाहावे, कारण रुंद नदीत या दोहोंमधले अंतरच कित्येक एकरांचे असू शकते.