माळावरचा ससा आणि टिटवी यांच्यात काही साम्य आहे का?

आहे की! आमचं शेत इंदापूरकडच्या माळाला लागून आहे, तिथं दोघेही रोजचे. आपला रानससा बीळ खणत नाही आणि टिटवी झाडावर बसत नाही. तिचं मागचं बोट इतकं बारकं की फांदी धरताच येत नाही. म्हणजे दोघांनाही लेकरं उघड्या जमिनीवरच वाढवायची.

टिटवीचं घरटं म्हणजे नुसता खळगा, कडेला खडे. अंडी बहुतेक चार, मातकट, काळ्या ठिपक्यांची. दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत. पिल्लं अंग वाळलं की पळू लागतात. सशाची पिल्लंही केसाळ आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात. (पिंजऱ्यात पाळतात तो ससा वेगळा. त्याची जात बिळातली, पिल्लं आंधळी आणि बिनकेसांची. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात, म्हणून घोळ होतो.)

युरोपातही ससे आणि टिटव्या अशाच उघड्या रानात राहतात. सशाच्या बसायच्या खळग्याजवळ टिटवीची अंडी दिसल्यामुळे ईस्टरला ससा अंडी आणतो ही समजूत निघाली, असं काहीजण सांगतात. आपल्याकडे मात्र ही गफलत कुणाची झालेली ऐकली नाही.

फरक दिसतो तो कुत्रं आलं की. ससा कान पाठीला चिकटवून गप पडून राहतो. अगदी पाय पडायची वेळ आली की उसळतो आणि वाकडातिकडा पळत सुटतो. ससेहोलपट म्हणतात ती हीच. टिटवी लांबूनच बोंब ठोकते, डोक्यावर झेपा घेते, नाहीतर पंख मोडल्याचं सोंग करत कुत्र्याला भलतीकडे नेते. रात्री ती ओरडली की अशुभ म्हणतात. सशाच्या शिकारीला निघालेल्यांना ती अशुभ वाटणारच, सगळं रान जागं करते! (१९७२ च्या कायद्याने ही शिकार गुन्हा आहे, तरी लोक जातात.)

मला स्वतःला टिटवीचं जास्त कौतुक. भर मे महिन्यात ती पाटाच्या पाण्यात पोट भिजवून येते आणि तशीच अंड्यांवर बसते, गारवा मिळावा म्हणून. आमच्याकडे कुळव चालवताना त्या खळग्याभोवतीची जागा सोडतात.

आणि सशाचं पिल्लू एकटं दिसलं तर उचलून घरी आणू नका. आई जवळपास नसते ती मुद्दामच. दूध पाजायला येते आणि लगेच निघून जाते.