वाचकांचे प्रश्न : सिगारेटमधली ‘तरतरी’ आणि जुन्या बाजारातलं पान

प्रश्न : जुन्या बाजारात १९३४ सालच्या अमेरिकी मासिकाचं सुटं पान मिळालं. कॅमल सिगारेट ओढली की थकवा जातो, अंगातली साठलेली शक्ती मोकळी होते, असं त्यात छापलंय. निव्वळ थाप, की काही शास्त्र होतं? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : थापच, पण शास्त्राची फोडणी दिलेली. ‘गेट अ लिफ्ट विथ अ कॅमल’ ही आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीची मोहीम. त्याच वर्षी येल विद्यापीठातल्या हॅगार्ड आणि ग्रीनबर्ग यांनी धूम्रपानानंतर रक्तातली साखर वाढते, असं प्रसिद्ध केलं होतं. निकोटीनमुळे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन सुटतं, ते यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनची (शरीराच्या राखीव पिष्टाची) साखर करून रक्तात सोडतं. म्हणजे शक्ती बाहेरून येत नाही, घरच्याच डब्यातली काढली जाते. जाहिरातीने डबा लपवला. शिवाय निकोटीन सगळ्याच सिगारेटींत असतं, मग कौतुक एकट्या कॅमलचं कशाला?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. सवय लागलेल्याला तेव्हा मरगळ येते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. पुढची सिगारेट ही मरगळ घालवते आणि त्याला वाटतं, थकवा गेला. त्यातच धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे पर्वती चढताना दम उलट लवकर लागतो. त्या मोहिमेत मात्र खेळाडूंच्याच शिफारशी छापल्या जात! थकवा घालवण्याचे, शक्ती परत आणण्याचे आणि पचनाला मदतीचे दावे बंद करा, असा आदेश फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९५० साली दिला. तोवर सोळा वर्षं उलटली होती.

प्रश्न : हे पान अस्सल आहे की नवी छपाई, हे घरी कसं ओळखायचं? फ्रेम करायची आहे. लॅमिनेशन केलं तर?

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको. उष्णता आणि डिंक कागदात मुरला की परत निघत नाही. सेलोटेपही नको, तिचा पिवळा डाग कायमचा राहतो.

आधी पारख. अंधारात यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा चमकला तर संशय घ्या. ही चमक कागद उजळवणाऱ्या रसायनांची, आणि ती १९५० च्या आसपासपासून रूढ झाली. मग दहापट भिंगाने रंग पाहा. छापखान्यातल्या छपाईत ठिपके एकसारख्या ओळींत दिसतात, इंकजेटमध्ये विस्कटलेले. मागची बाजू कोरी असेल तर मासिकाचं पान म्हणून विकलेला तो माल बनावट समजा. यातली एकच खूण पटली म्हणून निकाल लावू नका, कारण ऑफसेट यंत्रावर छापलेल्या नव्या प्रतीतही ठिपके ओळीतच असतात.

फाटलेली कड गव्हाच्या पातळ खळीने आणि जपानी टिश्यूने (पातळ पण चिवट कागदाने) मागून जोडा. खळ जास्त झाली तर कागद सुरकुततो आणि कसर लागते. पान आम्लमुक्त पुठ्ठ्यावर टिश्यूच्या कोपऱ्यांत अडकवा, काचेला टेकू देऊ नका. मध्ये माउंटचं (कडेने बसवलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीचं) अंतर हवं, नाहीतर पुण्याच्या पावसाळ्यात शाई काचेला चिकटते. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंतीची ओल आत शिरणार नाही. उन्हाची भिंत टाळा.

प्रश्न : हेच पान माझ्या कॅफेत लावलं तर चालेल?

उत्तर : घरात खुशाल लावा. कॅफेत लावण्याआधी वकिलाला विचारा. २००३ च्या तंबाखू कायद्याचं कलम ५ सिगारेटची जाहिरात प्रदर्शित करायलाही मनाई करतं.